खैरात पुरे, कायदा हवा

जुम्म्याची नमाज संपते. इमामसाहेबांची दुआ आटोपते आणि मागच्या सफेतून एक माणूस उठून उभा राहतो. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक्स-रे, बिलांच्या झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी. त्याला स्वतःला बोलवत नाही. मुअज्जिन त्याच्या वतीने दोन वाक्ये बोलतो: भाई आपल्याच मोहल्ल्यातला आहे, लूमवर काम करतो, बायकोचे ऑपरेशन आहे, अल्लाहच्या वास्ते मदत करा. दारात रुमाल पसरला जातो. दहाच्या, वीसच्या, क्वचित शंभराच्या नोटा पडतात. तो माणूस मान खाली घालून उभा असतो आणि ज्या मालकाच्या मागावर तो बारा तास उभा राहतो, तो मालकही त्याच दारातून नोट टाकून बाहेर पडतो.

हे दृश्य आम्ही भिवंडीत पाहिले, मालेगावात पाहिले. दर वेळी आमची नोट टाकून, गर्दीत चपला शोधून घरी आलो आणि सवाब मिळाला असे मनाला बजावले. त्या सवाबाविषयीच आम्हाला आज शंका घ्यायची आहे. लेख काहींना कडू लागेल. लागू द्या.

कोणी म्हणेल, आता रुमाल कशाला? सरकारने विमा दिला आहे ना! दिला आहे, हे खरे आहे, आणि जे दिले त्याची नोंद न घेणे हा कृतघ्नपणा ठरेल. महाराष्ट्रात १९९७ साली जीवनदायी आरोग्य योजना आली. २०१२ मध्ये तिची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना झाली. आधी आठ जिल्ह्यांत, मग नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर. पिवळे आणि केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची. २०२० मध्ये दोन्ही एकत्र झाल्या आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सर्व कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण लागू झाले. हृदयाच्या झडपा बदलल्या गेल्या, डायलिसिस झाले, कर्करोगाचे उपचार झाले. आमच्या नात्यातल्या, शेजारातल्या माणसांचे झाले. आम्ही ते नाकारत नाही.

पण या साऱ्या इतिहासात एक गोष्ट वाचकांनी पाहिली असेल. योजना वाढली, पसरली, तिचे नाव बदलले, रक्कम बदलली, आणि या सर्व काळात गरिबाला कोर्टात जाऊन 'हे माझे आहे' असे म्हणता येईल असा कायदा काही झाला नाही. शासन निर्णयाने आलेली गोष्ट शासन निर्णयाने जाऊही शकते. नाव बदलताना विधिमंडळाला विचारावे लागले नाही. उद्या यादीतून एखादा आजार वगळताना किंवा अट घालतानाही विचारावे लागणार नाही. सरकारच्या दारातला हा रुमाल मशिदीच्या दारातल्या रुमालापेक्षा खूप मोठा आहे एवढेच. घेणाऱ्याची मान तिथेही खालीच आहे.

ही मान कशी खाली जाते ते एकदा नोंदणीच्या टेबलापाशी उभे राहून पाहावे. आम्ही उभे राहिलो आहोत. एका ओळखीच्या वृद्ध बाईंना घेऊन एका रुग्णालयात गेलो होतो. रुग्णालयाचे नाव महत्त्वाचे नाही, हे कुठेही घडते. टेबलामागचा मुलगा भला होता. त्याने तीनदा नाव टाकून पाहिले.

"आजी, रेशनकार्डावर एक नाव आहे, आधारवर दुसरेच आहे. सिस्टिम घेत नाही."

"बेटा, नाम तो एकही है. मेरा है."

"तसे नाही हो आजी. इथे बी आहे, तिथे बेगम आहे."

"शादी के पहले बी लिखते थे, बाद में बेगम लिखे. मैं तो वहीच हूँ ना?"

त्या प्रश्नावर मुलाकडे उत्तर नव्हते, आमच्याकडेही नव्हते. त्या दिवशी त्यांना परत आणावे लागले. तहसील, सेतू केंद्र, प्रतिज्ञापत्र, पुन्हा आधार केंद्र, असे करत करत नाव एक झाले, तोवर आम्ही इकडून तिकडून पैसे जमवून ऑपरेशन उरकले होते.

आपल्या नावांचे हे दुखणे मराठी मुसलमानाला नव्याने सांगायला नको. मोहम्मद, मोहंमद, महंमद, मुहम्मद आणि नुसताच 'मो.': पाच कागदांवर पाच. 'अब्दुल' हे पहिले नाव धरले जाते आणि 'रज्जाक' आडनावाच्या रकान्यात जाऊन बसते. शेख कुठे आधी, कुठे नंतर, कुठे गायब. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत नाव फिरवणाऱ्या यंत्राला खान आणि काहन यात फरक वाटत नाही. स्वतःचे नाव-वडिलांचे नाव-आडनाव या तीन खणांच्या साच्यात आमची निम्मी वस्ती बसत नाही. इतर काही कामांत हे विनोदाने घेता येते. आम्हीही एकमेकांची चेष्टा करतो. पण अपेंडिक्स फुटलेला माणूस स्ट्रेचरवर असताना त्यात विनोद राहत नाही. गंमत अशी की जिथे नाव जुळायला हवे तिथे यंत्र इतके काटेकोर, आणि दुसरीकडे कॅगच्या २०२३ च्या अहवालात असे निघाले की आयुष्मान योजनेतल्या साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थ्यांची नोंद एकाच मोबाइल क्रमांकावर आहे! त्यांना कोणी विचारले नाही की बी कोण आणि बेगम कोण.

हा झाला कागदाचा अडथळा. त्याहून खोल अडथळा यादीचा आहे. आयुष्मान योजना सुरू झाली तेव्हा तिचा आधार २०११ चे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण होता. शहरी गरिबांसाठी अकरा व्यवसाय-गट ठरले. कचरा वेचणारे त्यात आहेत, घरकामगार आहेत, फेरीवाले, बांधकाम मजूर, सफाई कामगार, शिंपी आणि घरबसल्या काम करणारे कारागीर, ड्रायव्हर-क्लीनर, हॉटेलातले वेटर, इलेक्ट्रिशियन, धोबी, चौकीदार आहेत. चांगली यादी आहे. यंत्रमागावरचा मजूर त्यात नावाने कुठेच नाही. का नाही? बहुधा यादी करणाऱ्यांच्या मनात असे असावे की लूम म्हणजे कारखाना आणि कारखान्यातल्या कामगाराला तर ईएसआय असतेच.

इथून आमच्या म्हणण्याचा गाभा सुरू होतो, म्हणून वाचकांनी थोडे सावकाश वाचावे.

कर्मचारी राज्य विमा कायदा, ज्याला सगळे ईएसआय म्हणतात, १९४८ चा आहे. त्याचा मूळ आराखडा प्रा. बी. पी. अडारकरांनी १९४४ मध्ये दिला. स्वतंत्र देशाने कामगाराला दिलेल्या पहिल्या मोठ्या वचनांपैकी हे एक. हा विमा आणि आजच्या योजना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. योजना तुम्हाला रुग्णालयात दाखल झाल्यावर ओळखते. ईएसआयचा कामगार साधा खोकला झाला तरी दवाखान्यात जाऊ शकतो, औषध घेऊ शकतो. आजारपणात घरी बसला तर ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. क्षयासारखे लांबणारे दुखणे असेल तर काही अटींवर ८० टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणाला २६ आठवडे. कामावर अपघात झाला, हात गेला, तर भरपाई. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून लिहिलेला आहे. आणि हे नाकारले तर दाद मागायला स्वतंत्र न्यायालय आहे. यासाठी कामगाराच्या मजुरीतून कापले जातात पाऊण टक्का आणि मालक भरतो सव्वातीन टक्के. २०१९ पासून हे दर आहेत. त्याआधी जास्त होते.

आता हा रोग काय असतो ते मागवाल्याला विचारा. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले की छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. आठवडा पुढे सरकतो तसे जरा बरे वाटते. वैद्यकाच्या पुस्तकात याला सोमवारशी जोडले आहे. मालेगावात लूम जुम्म्याला बंद असतात, म्हणून आमच्याकडे छाती शनिवारी भरते. पुस्तक लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असायचे कारण नाही. काही वर्षांनी शनिवार आणि बुधवार यांत फरक राहत नाही. मग खोकला, मग कोणीतरी टीबी म्हणते, कोणी दमा म्हणते. टीबी निघाली तर सरकारी औषध फुकट आहे, आणि पोषणासाठी दरमहा हजार रुपये आहेत. नोव्हेंबर २०२४ पर्यंत पाचशेच होते. पण मागावर मजुरी मीटरवर आहे. माग बंद तर मजुरी बंद. घरात चार तोंडे आणि हातात हजार रुपये! म्हणून माणूस औषध पिशवीत घेऊन, तोंडाला रुमाल बांधून, पुन्हा त्याच धुळीत उभा राहतो. पाच लाखांचे कार्ड त्याच्या खिशात असते. ते कार्ड त्याला म्हणते, आणखी आजारी पड, दाखल होण्याइतका आजारी पड, मग बघू.

मग या मजुराला ईएसआय का नाही? कारण कायदा लागू व्हायला दहा कामगार लागतात. आणि आमच्या गावांत कोणत्याही कारखान्यात दहा कामगार नसतात. कधीच नसतात. एका छपराखाली साठ माग असतील, पण मध्ये विटांच्या अर्ध्या भिंती, चार मीटर आणि चार नावे: एक मालकाचे, एक बीबीचे, एक भावाचे, एक अजून शाळेत जाणाऱ्या मुलाचे. दोन पाळ्यांत मिळून प्रत्येक नावावर आठ, नऊ माणसे. हजेरीपट नाही. मजुराला कोणी विचारले तर तो जॉबरचे नाव सांगतो, मालकाचे नाही, कारण मालक कोण हे त्यालाही नीट ठाऊक नसते. वीज सवलतीची २७ अश्वशक्तीची रेघही या तुकड्यांना सोयीची पडते, हे खरे. पण सर्व दोष विजेच्या मीटरवर टाकू नये.

आणि हे मालक कोण आहेत? इथे आम्हाला जीभ चावावीशी वाटते, पण चावणार नाही. आपल्यावरच्या अन्यायाबद्दल लिहिताना सरकारकडे बोट दाखवायची आपल्याला सवय लागली आहे. न्या. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की मुसलमान नियमित पगाराच्या नोकरीत कमी आहेत, स्वयंरोजगारात, छोट्या धंद्यांत आणि घरबसल्या कामांत जास्त आहेत. म्हणजे जिथे सामाजिक सुरक्षा पोहोचत नाही नेमके तिथे. आम्ही तो अहवाल सभांमधून उंचावून दाखवला, आणि दाखवायलाच हवा होता. पण भिवंडी-मालेगावातल्या मागाचा मालकही बऱ्याच वेळा मुसलमानच असतो, ही गोष्ट सांगताना आमच्या वक्त्यांचा आवाज का बसतो? हाजीसाहेब रमजानमध्ये अडीच टक्के जकात पै-पैचा हिशेब करून काढतात. मदरशाला देतात, यतीमखान्याला देतात, आणि जुम्म्याला त्या रुमालावर नोट टाकतात. आपल्याच मजुराच्या मजुरीवरचे सव्वातीन टक्के मात्र भिंत बांधून बुडवतात. जकात मालमत्तेवर असते आणि विम्याचा हप्ता मजुरीवर, दोन्हींची बेरीज-वजाबाकी एकत्र होत नाही, हे आम्हालाही कळते. आम्हाला विचारायचे आहे ते इतकेच: जे देणे कायद्याने मजुराचे होते, ते आधी बुडवून नंतर त्याच मजुराला खैरात म्हणून दिले, तर त्याला जकात म्हणावे काय? मजुराच्या घामाविषयीची हदीस आमच्या किती कारखान्यांत कॅलेंडरवर छापून टांगलेली आहे!

यावर मालकांचे एक उत्तर आहे आणि ते अगदीच खोटे नाही. सहा-बारा मागांचा मालक स्वतःच व्यापाऱ्याचा मजूर आहे. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, याला मिळते ती मीटरमागे मजुरी. सुताचा भाव चढला की मजुरी घसरते, मंदी आली की माग भंगारात किलोने विकले जातात. अशा माणसाला हप्ता भर म्हटले तर तो माग विकून टाकील. हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच आमचे म्हणणे असे की भार त्याच्या डोक्यावर टाकूच नका. तो जिथे पैसा आहे तिथे, म्हणजे कापडाच्या विक्रीवर टाका. ते कसे, ते पुढे सांगतो.

दुसरे उत्तर मोहल्ल्यातून येते. विमा हराम आहे, त्यात व्याज आहे, जुगार आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने या कारणाने कार्डच काढले नव्हते. व्यापारी विम्याबद्दल उलेमांत मतभेद आहेत, आणि तो वाद सोडवण्याची आमची पात्रता नाही. पण सरकारी योजनेत लाभार्थी एक रुपयाचाही हप्ता भरत नाही. सरकार आपल्या तिजोरीतून, म्हणजे तुम्ही-आम्ही साबणापासून चहापर्यंत प्रत्येक वस्तूवर भरलेल्या करातून, रुग्णाचा खर्च उचलते. याला बैतुलमाल म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? दमास्कसच्या नूरी बीमारिस्तानात, कैरोच्या मन्सूरी बीमारिस्तानात वक्फच्या उत्पन्नावर गरिबांचे उपचार होत, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. तिथल्या रुग्णाला मशिदीच्या दारात उभे करून त्याच्या बायकोचा आजार जाहीर करावा लागत नव्हता. इमामसाहेबांनी खुत्ब्यानंतर रुमालाची घोषणा करण्याआधी कार्डाची आणि हजेरीपटाची घोषणा करावी, अशी आमची अदबीने विनंती आहे.

तिसरे उत्तर सुशिक्षित मित्रांकडून येते, आणि ते आम्हाला जास्त टोचते. योजना तर सर्वांना आहे, यात मुसलमानांचा प्रश्न कुठून आणता? आणत नाही, बाबांनो. भिवंडीतल्या मागावर अन्सारी आहे तसा पद्मशाली आहे, उत्तर प्रदेशातला यादव आहे, ओडिशाचा माणूस आहे. छाती सगळ्यांचीच भरते. आम्ही फक्त इतके म्हणतो की ज्या धंद्यांवर कायद्याची नजर गेली नाही, त्या धंद्यांत आमची माणसे दाटीने आहेत. आणि मालेगावकरांना उपचारांची वानवा काय असते हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, बडा कब्रस्तानात स्फोट झाले तेव्हा जखमींना शहराबाहेर हलवण्याची पाळी आली होती. मोठ्या सरकारी रुग्णालयाची मागणी त्याआधीही होती, पण ऐकू आली ती त्यानंतर.

तर आता कायद्याकडे वळू. असंघटितांसाठी कायदा झालाच नाही असे नाही. अर्जुन सेनगुप्ता आयोगाच्या कामानंतर २००८ मध्ये असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायदा झाला. आम्ही तेव्हा आशेने वाचला. कायद्यात लिहिले होते की सरकार वेळोवेळी योग्य त्या कल्याणकारी योजना करील. किती रुपयांच्या, कधीपर्यंत, न केल्या तर काय, याचा पत्ता नाही. शेवटी परिशिष्टात आधीपासून असलेल्या दहा योजनांची नावे जोडली. त्यात हातमाग विणकरांची योजना होती, हस्तकला कारागिरांची होती, मच्छीमारांची होती. यंत्रमाग पुन्हा नव्हता. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना होती, जी त्याच वर्षी सुरू झाली: दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला तीस हजार, तीस रुपये नोंदणी, आणि एका कार्डावर जास्तीत जास्त पाच माणसे. सहावे माणूस कोणते वगळायचे हे घरातल्या कर्त्याने ठरवायचे. बहुतेक घरांत ते कोण ठरले असेल, हे वाचकांना सांगायला नको. म्हातारी किंवा धाकटी मुलगी.

तो कायदाही आता राहिला नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि १९४८ चा ईएसआय कायदा, २००८ चा कायदा असे नऊ कायदे तिच्या पोटात गेले. संहितेत असंघटितांसाठी पुन्हा तेच: वेळोवेळी, योग्य त्या योजना. ईएसआयसाठी दहाची अट पुन्हा तीच. दहापेक्षा कमी असतील तर मालक आणि बहुसंख्य कामगार यांनी मिळून ठरवले तर स्वेच्छेने सामील होता येईल. भिंत बांधणारा मालक स्वेच्छेने येईल, अशी संहिता लिहिणाऱ्यांची श्रद्धा असेल तर तिला आमचा सलाम! पण त्याच परिशिष्टात एक ओळ अशी आहे की धोकादायक किंवा जिवावरचा म्हणून केंद्र सरकार ज्या धंद्याची अधिसूचना काढील, तिथे एकच कामगार असला तरी ईएसआय लागू होईल. एकच कामगार! मग दहाची भिंत आपोआप पडते. कापसाची धूळ ज्या धंद्यात फुप्फुस खाते, असे कायद्याचे परिशिष्ट स्वतःच सांगते, तो धंदा धोकादायक नाही तर कोणता? आमच्या खासदार-आमदारांपैकी किती जणांनी ही ओळ वाचली आहे? तलाक, हिजाब आणि अजान यांवर बोलायला सांगा, रात्रभर बोलतील. त्या विषयांना महत्त्व नाही असे आमचे म्हणणे नाही. पण मागावरच्या बाईचा गर्भ ज्या महिन्यात पडतो त्या महिन्यात तिला मजुरी मिळावी, हासुद्धा शरियतइतकाच आमचा प्रश्न आहे.

कायद्याने काय होते आणि काय होत नाही, याची दोन उदाहरणे देतो. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधला हकीम शेख नावाचा मजूर रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर मार होता. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले. शेवटी खाजगी रुग्णालयात पदरचे पैसे मोजून उपचार झाले. तो पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा सदस्य होता. समिती त्याला घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ६ मे १९९६ ला न्यायालयाने सांगितले की तातडीचा उपचार नाकारणे हा घटनेच्या २१ व्या कलमाचा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसे नाहीत हे कारण सरकारला सांगता येणार नाही. पंचवीस हजार भरपाई मिळाली. रक्कम क्षुल्लक होती. पण हकीम शेख मशिदीच्या दारात उभा राहिला नाही. संघटनेचे पावतीपुस्तक त्याच्या पाठीशी होते.

दुसरे उदाहरण उलटे आहे. विडी कामगारांसाठी १९७६ मध्ये कायदा झाला, विडीवर उपकर बसला, त्या निधीतून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. सोलापूर, सिन्नर, कामठीच्या बायका त्या दवाखान्यांच्या रांगेत हक्काने उभ्या राहत. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. निधीचा झरा आटला. संसदेने केलेलेही असे आटू शकते, तर शासन निर्णयाचे काय घेऊन बसलात? तरीही फरक आहे. कायदा काढायचा तर संसदेत मांडावा लागतो, निदान त्या दिवशी ओरडता येते. आपण ओरडलो नाही, हा दोष आपला.

महाराष्ट्राला या बाबतीत शिकायला दूर जायची गरज नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. डोक्यावर पोते वाहणारा हमाल. त्याचा मालक कोण? आज एक, उद्या दुसरा. कायद्याने मालकाचा प्रश्नच बाजूला ठेवला. मंडळे बसवली, कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळातून, आणि मजुरीवर लेव्ही व्यापाऱ्याकडून. त्यातून भविष्यनिर्वाह निधी आला, वैद्यकीय सोय आली. कितीही गैरप्रकार झाले असतील, हमालाची मान वर झाली. आमचा मागवालाही असाच आहे, त्याचाही मालक हाती लागत नाही. मग त्याच्यासाठी असे मंडळ का नको? कापड गावाबाहेर जाताना ट्रान्सपोर्टमध्ये त्याची बिलटी फाटते, ई-वे बिल निघते. प्रत्येक मीटरची मोजदाद सरकारच्या संगणकात आहे. मीटरमागे काही पैसे तिथेच कापा. मजुराची नोंद छपराखालच्या माणसांची संख्या न मोजता करा. रेशनकार्ड आझमगडचे असो की मालेगावचे, नोंद कामाच्या जागेवरून करा, कारण राज्याची योजना राज्याचे कार्ड मागते आणि परप्रांतीय मजूर तिथेच अडकतो. नावाच्या स्पेलिंगवरून उपचार थांबवता येणार नाही, हे नियमांत नव्हे तर कायद्याच्या कलमात लिहा. दाखल न होता चालणाऱ्या उपचारांचा खर्च आणि आजारपणातली मजुरी, या दोन गोष्टींशिवाय कोणत्याही विम्याला आम्ही विमा म्हणणार नाही.

अवघड आहे, हे ठाऊक आहे. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला तर डॉक्टर रस्त्यावर आले आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सरकारला बहुतेक खाजगी रुग्णालये त्यातून वगळण्याची तडजोड करावी लागली. आमच्या मंडळाला तर व्यापारी, मालक आणि कदाचित काही हाजीसाहेबही एकत्र येऊन विरोध करतील. ती एकजूट पाहायला आम्हाला आवडेल; दुसऱ्या कोणत्या मुद्द्यावर ती आजवर झालेली नाही.

आम्ही काही जणांनी मसुदा लिहायला घेतला आहे. दोन वकील आहेत, एक शिक्षक, आणि एक निवृत्त सायझिंग मास्तर, ज्यांना बसल्या जागी दम लागतो. गाडी पहिल्याच कलमावर अडली आहे: कामगार कोणाला म्हणायचे? घरात बसून कांडी भरणारी बाई त्यात येते की नाही? तिला मजुरी मालक देत नाही, तिचा नवरा आपल्या मजुरीतून देतो, किंवा देतही नाही. वकील म्हणतात, पुरावा काय दाखवणार? मास्तर म्हणतात, तिची बोटे दाखवा. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचे ठरले आहे.